झुबेदा आपाचा कान

झुबेदा आपाची आणि माझी ओळख गाडीतल्या एका लाल दिव्यामुळे झाली.

मी गुरांचा डॉक्टर. घनसावंगीला नुकतीच बदली झाली होती आणि खेड्यापाड्यांत फिरायला मी एक जुनी मोटार घेतली होती. एका सकाळी गोदाकाठच्या गावातली अडलेली म्हैस मोकळी करून परत निघालो होतो. घनसावंगी दिसायला लागलं तोच स्टिअरिंगच्या मागे लाल दिवा लागला. तेलाच्या झारीचं चित्र, तोंडाशी एक थेंब. मी गाडी कडेला घेऊन बंद केली. मागून उसाचा रिकामा ट्रॅक्टर येत होता. ड्रायव्हरनं थांबून काय झालं म्हणून विचारलं. मी दिव्याचं सांगितलं, तसा तो खाली उतरून दोर शोधायलाच लागला.

"आता चालू करू नका साहेब. आपाकडं नेऊ वढत."

"आपा कोण?"

"आपा म्हंजे आपा," तो म्हणाला. त्याच्या मते एवढं पुरेसं होतं.

लिंबाच्या झाडाखाली पत्र्याचं शेड, शेजारी गणपतची चहाची टपरी, पलीकडे केशकर्तनालय. शेडमधून उंच, पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ हात पुसत आले. मी त्यांना सगळी हकिकत तपशिलात सांगितली. त्यांनी ती हसऱ्या चेहऱ्यानं शेवटपर्यंत ऐकल्यासारखं केलं आणि मग स्वतःच्या कानाकडे बोट दाखवून हात हलवला. ऐकू येत नाही. हे युसूफभाई. त्यांनी शेडच्या मागे वळून टाळी वाजवली.

मागून एक ठेंगणी, गुटगुटीत बाई आली. फुलाफुलांची साडी, डोक्यावरून पदर, हातात लाटणं. मला वाटलं, पोळ्या लाटता लाटता उठून आली असावी.

"दिवा लागला का लुकलुकला?" तिनं विचारलं.

"लागला."

"लागल्यावर किती चालवली?"

"लगेच बंद केली."

"शाब्बास! वाचली तुमची गाडी," असं म्हणून तिनं बॉनेट उघडायची खूण केली. "लोक काय करतात म्हाईत हे का? दिवा लागला की म्हणतात, घरापर्यंत जाऊ, मंग बघू. घरापर्यंत जाते ना, पण मंग घरीच राह्यते."

युसूफभाईंनी ऑइलची पट्टी काढून पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. ऑइल बरोबर खुणेवर होतं. गाडीखाली थेंब नव्हता. आपानं बोटावर थोडं ऑइल घेऊन चोळलं, वास घेतला आणि नाक मुरडलं. मग मला म्हणाली, "बसा आत. मी हात खाली केला की चालू, वर केला की बंद. मधी इचार करत बसायचं न्हाई."

आणि त्यानंतर मी जे पाहिलं ते मला तेव्हा नवीन होतं, गावाला नव्हतं. आपानं नुसता एक हात उंच केला आणि दुकानांची अख्खी ओळ गप्प झाली. केशकर्तनालयातला रेडिओ बंद झाला. गणपतनं स्टोव्ह बंद केला. चहा पिणाऱ्यांनी कप खाली ठेवले. आपानं लाटण्याचं एक टोक इंजिनवर टेकवलं, दुसरं कानाला लावलं, डोळे मिटले आणि हात खाली केला. मी चावी फिरवली. दोन-चार श्वास झाले असतील नसतील, हात वर. मी बंद केलं.

"मोहरी तडतडून राह्यली वर," तिनं जाहीर केलं. "पट्टीवर ऑइल हे, पण वर पोचंना. खाली मुसळ न्हाई वाजत. बेरिंग चांगल्या हेत."

मग नवऱ्याकडे वळून तिनं दोन बोटं खांद्यावर टिचकीसारखी वाजवली, पोटावर हात फिरवून 'काही नाही' अशी मान हलवली, आणि मूठ आवळून गळ्याशी धरली. म्हणजे घसा दाबलाय. युसूफभाईंनी मान डोलावली. दिव्याची वायर ज्या बटणाला जाते ते काढून तिथं त्यांनी प्रेशरचं मीटर लावलं, एकदा क्षणभर इंजिन चालवून पाहिलं. काटा जागचा हलला नाही म्हटलं तरी चालेल. दिवा खरं बोलत होता. संध्याकाळपर्यंत त्यांनी खालचं ऑइलचं चेंबर उतरवलं. आत ऑइल ओढून घेणारी जाळी होती, ती काळ्या चिकट गाळानं लिंपून गेली होती. आधीच्या मालकानं ऑइल बहुधा कधी बदललंच नसावं. जाळी धुतली, चेंबर खरवडलं, नवं ऑइल, नवा फिल्टर. चावी फिरवल्यावर दिवा एकदा डोळा मिचकावून गेला तो गेलाच.

"ह्याला चिराग म्हणायचं," आपा म्हणाली. "घरात चिराग लावावा, गाडीत इझवावा. चिराग लागला की इंजन इझवायचं. एवढं ध्यानात ठिवा, बाकी आमी हाव."

लाटण्याबद्दल मी विचारलंच. "हे चुलीकडं जात न्हाई," ती ठसक्यात म्हणाली. "चुलीचं येगळं. गावचे पाटीलबाबा आल्ते एकदा, त्यांना वाटलं ह्याच्यावरच पोळ्या लाटते. मंग दोन दिवस आमच्या घरचा चहा घेत नव्हते."

पुढे माझी रोजची वाट तीच असल्यानं मी गॅरेजवर थांबायला लागलो आणि हळूहळू मला त्या दोघांची गोष्ट कळली. लग्नानंतर काही वर्षांनी युसूफभाईंना मोठा ताप आला. ताप उतरला, पण कान घेऊन गेला. मेकॅनिक माणूस, निम्मं काम कानाचं. त्यांनी शेड बंद करून अंबडला कुणाच्या तरी दुकानात कामाला लागायचं ठरवलं होतं. एक दिवस आपा जेवणाचा डबा घेऊन आली तर शेडमध्ये एक जीप चालू होती आणि युसूफभाई बॉनेटमध्ये हात घालून इंजिनची थरथर तळव्यानं ओळखायचा प्रयत्न करत होते. आपा सांगायची, "मी डबा ठिवला आन् बघत राह्यले. त्या जीपात काहीतरी मांजरीवाणी रडून राह्यलं होतं. मला आयकू येतंय, ह्यांना न्हाई. मंग मी ह्यांचा हात धरला आन् जिथं रडतंय तिथं नेऊन ठिवला." तो ढिला पट्टा होता. दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन आली ती गेलीच नाही.

मेकॅनिकची भाषा तिला कुणी शिकवली नव्हती, म्हणून तिनं स्वयंपाकघराची वापरली. वरच्या भागातली टिकटिक म्हणजे मोहरी, खालचा जड ठोका म्हणजे मुसळ, पंपाची घरघर म्हणजे जातं, फाटका सायलेन्सर म्हणजे म्हातारा जेवून बसला. युसूफभाईंनी त्यातल्या प्रत्येकाला एक खूण ठरवून टाकली. दोघं समोरासमोर उभे राहून हातवारे करायला लागले की नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, नवरा-बायकोचं भांडण जुंपलंय. आणि कधी कधी ते तसं असायचंही.

एकदा मी हौसेनं तिच्यासाठी माझा जुना स्टेथोस्कोप घेऊन गेलो. तिनं तो कानात घातला, एका चालू गाडीला लावला आणि लगेच काढून माझ्या हातात दिला. "ह्याच्यात जरासा आवाजबी बोंबलतो. तुमच्या म्हशीला चांगलाय."

तिचं चुकायचंही, आणि चुकली की गावभर तीच सांगायची. एका कापूस-व्यापाऱ्याची गाडी आली. लुकलुकणारा दिवा आणि खालून ढुकढुक आवाज. आपानं इंजिनच्या मागच्या अंगाला, पुढच्या अंगाला लाटणं लावून पाहिलं आणि मान हलवून म्हणाली, "मुसळ हे सेठ. बेरिंग गेली. इंजन उतरवावं लागंल." व्यापारी तिथंच बाकावर बसला. युसूफभाईंना मात्र मीटर लावल्याशिवाय चैन पडत नसे. त्यांनी लावलं. प्रेशर ठणठणीत! दिव्याचं बटण तेवढं खराब झालं होतं, ते बदललं तसा दिवा गेला. पण ढुकढुक चालूच. युसूफभाई इंजिनवरून हात फिरवत फिरवत मागे गेले आणि त्यांनी डिकी उघडली. आत पूजेचा एक नारळ होता. पार सुकलेला, आतला गोटा सुटलेला. इंजिन थरथरलं की तो पत्र्यावर डोकं आपटत होता.

आपा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून सांगायची, "अरे ए, आयकलं का? आज मी नारळाला बेरिंग बोलले!" व्यापाऱ्यानं तो नारळ तिथंच फोडला आणि ओळीत सगळ्यांना खोबरं मिळालं. खोबरं जरा खवट होतं, पण आम्ही खाल्लं.

तिचा खरा कस मी पाहिला तो एका लग्नाच्या दिवशी. जाफराबादकडचं वऱ्हाड घनसावंगीला येत होतं. बाकीच्या गाड्या पुढे निघून आल्या आणि नवरदेवाची जीप अंबडच्या रस्त्यावर अडकली. निरोप आला तेव्हा मी गॅरेजवरच होतो, म्हणून दोघांना माझ्या गाडीत घेऊन गेलो. आपानं ऑइलचा डबा मांडीवर धरला होता.

बाभळीच्या तुटक सावलीत जीप उभी. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव एका दगडावर, आणि त्याचा मामा ड्रायव्हरच्या जागेवर. मामा आम्हाला बघून म्हणाला, "काही विशेष न्हाई हो. लाल दिवा लागलाय नुस्ता. ड्रायव्हर उगंच घाबरून राह्यला. मीच नेतो हळूहळू. मुहूर्त टळून जाईल."

आपानं खिडकीतून हात घातला, चावी काढली आणि कमरेच्या पिशवीत टाकली.

"ओ बाई! चावी द्या!" मामा खाली उतरला. धिप्पाड माणूस. "मंडपात पाचशे माणूस थांबलंय!"

"थांबू द्या. तुमी रस्ता बघितला का मागं?"

आम्ही सगळ्यांनी मागे पाहिलं. डांबरावर काळ्या ऑइलची ओली रेघ वळणापर्यंत गेली होती. आपानं पट्टी काढून मामाच्या नाकासमोर धरली. ती कोरडी होती.

"मामासाहेब, मुहूर्त टळला तर भटजी दुसरा काढून देतो. इंजन जाम झालं तर कोण काढून देतो? आन् तेबी पोरगं आत बसल्यावर, भर रस्त्यात? चावी भेटणार न्हाई."

मामानं माझ्याकडे पाहिलं. मी बाभळीकडे पाहिलं.

युसूफभाई तोवर जीपखाली शिरले होते. लग्नाला जायचं म्हणून आदल्या दिवशी कुणीतरी घाईत नवा फिल्टर बसवला होता. त्यांनी तो उतरवला, बाहेर आले आणि दोन बोटांत दोन रबरी रिंगा धरून दाखवल्या. जुन्या फिल्टरची रिंग तिथंच चिकटून राहिली होती आणि तिच्यावर नवी बसवली गेली होती. मधून सगळं ऑइल पसार.

आपानं त्या रिंगा घेतल्या आणि नवरदेवासमोर नाचवल्या. "बघ रे राजा! नवी आणायची असंल तर जुनी आधी काढून टाकावी लागती. कोणी असंल तर आत्ताच सांग!"

नवरदेव लाजून लाल झाला. मामासुद्धा हसला, आणि त्या हसण्यात भांडण संपलं. जुनी रिंग फेकली, फिल्टर नीट बसवला. ऑइल ओतायला नरसाळं धरायला कुणी नव्हतं, तर आपानं नवरदेवालाच उभं केलं. बॉनेटवर वाकलेला तो पोरगा, मुंडावळ्या नरसाळ्यात जाऊ नयेत म्हणून आपानं एका हातानं त्या त्याच्या कानामागे धरलेल्या, असं ते दृश्य होतं. मग लाटणं, मिटलेले डोळे, चावी. दिवा लागला, क्षणभर राहिला, विझला. आपा ऐकतच राहिली. दिवा विझला तरी कुणी दम सोडला नव्हता, कारण तिनं डोळे उघडले नव्हते.

"तडतडली... तडतडली... बसली," ती म्हणाली. "मुसळ न्हाई. देवाची कृपा. जा, पळा!"

अक्षता उशिरा पडल्या, पण पडल्या. नवरदेवाच्या सदऱ्यावर ऑइलचा एक डाग होता, तो फोटोत शेल्याखाली झाकलाय म्हणतात.

आपाचा पडलेला चेहरा मी त्या सगळ्या काळात एकदाच पाहिला. त्यांची मुलगी रुबिना जालन्याला नर्स होती. तिनं मोठ्या खटपटीनं अब्बांसाठी कानाचं मशीन करवून आणायचं ठरवलं. ओळीत आनंदीआनंद झाला. गणपत येता-जाता ओरडायचा, "आपा, आता तुमी रिटायर!" आपाही हसून म्हणायची, "मंग काय! आता घरी बसून गोधड्या शिवीन." पण त्या दिवसांत ती कमी बोलायला लागली होती. गाडी आली की पूर्वीसारखी तरातरा पुढे यायची नाही. युसूफभाईंनी टाळी वाजवली की यायची.

मशीन आलं त्या दिवशी मी मुद्दाम थांबलो होतो. रुबिनानं अब्बांच्या दोन्ही कानांत ते बसवलं आणि हळूच हाक मारली. युसूफभाईंनी दचकून वर पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. रुबिना रडली, गणपत रडला. आपा म्हणाली, "चहा ठिवते," आणि शेडच्या मागे गेली.

थोड्या वेळानं भाड्याची एक जीप आली. थांबली की दिवा लुकलुकतो, ड्रायव्हर म्हणाला. ओळ आपणहून गप्प झाली. आपा मागे चटईवर मेथी निवडत बसली होती, ती उठली नाही. युसूफभाई बॉनेटवर वाकले. इंजिन चालू झालं आणि त्यांचा चेहरा कसनुसा झाला. त्यांनी मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. रस्त्यावरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला तेव्हा ते दोन पावलं मागे सरले. इंजिन बंद करायची खूण करून ते बॉनेटला टेकून उभे राहिले.

मग त्यांनी दोन्ही मशीनं काढून डबीत ठेवली. खिळ्याला अडकवलेलं लाटणं घेतलं, मागे गेले आणि ते आपासमोर धरलं.

"सब आवाज आती," ते म्हणाले. बरीच वर्षं न बोलल्यानं त्यांचा आवाज चढा-उतरता येत होता. "कौनसी कहाँ की, समझ में नहीं आती. तू चल."

आपा खाली बघत मेथीची एक काडी उगाच खुडत राहिली. "मेरे हाथ मिट्टी से भरे हैं," ती म्हणाली. त्यांना ते ऐकू जायचं कारण नव्हतं. ते लाटणं धरून तसेच उभे राहिले.

"आले, आले. हात तर धुवू द्या!" ती एकदम ओरडली आणि इतक्या झपाट्यानं उठली की मेथी चटईभर झाली. जीपमध्ये जातं घरघरत होतं. पंप झिजला होता. तो बदलला.

दुसऱ्या दिवशी मला बोलावून ती तक्रार करत होती. "डाक्टर, रात्री घरी मशीन घातलं बरं का ह्यांनी. मला म्हणले, बोल काहीतरी. मी बोलले. तर म्हणतात, तू लई जोरात बोलती! अरे, तुमच्यामुळंच तर सवय लागली मला!" आणि मग पदर सावरत, जरा बाजूला बघत, "पण म्हणले, आवाज वैसीच हे."

त्यानंतर मशीन घरी आणि लाटणं गॅरेजवर, अशी वाटणी झाली.

पुढे माझी जाफराबादला बदली झाली. सामान गेल्यावर निरोप घ्यायला गॅरेजवर गेलो तर शेडला कुलूप. गणपत म्हणाला, "दोघं बाजारतळावर गेलेत. रोज जातात दुपारचं. बघा तर जाऊन."

बाजाराचा दिवस नव्हता. तळ मोकळा होता, दोन-चार शेळ्या आणि धूळ. त्या धुळीत एक जुनी पांढरी मोटार गोल गोल फिरत होती. स्टिअरिंगला आपा होती. सगळ्या तालुक्याच्या गाड्या जिच्या हाताखालून गेल्या, तिला गाडी चालवता येत नाही हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नजर समोर, पदर खांद्यावर, स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं आवळलेलं की सुटलं तर उडून जाईल. शेजारी युसूफभाई एक हात हँडब्रेकवर ठेवून शांत बसले होते. गाडी पहिल्या गिअरमध्येच होती आणि इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडत होतं.

गाडी माझ्या समोरून गेली तसा मी धावत शेजारी गेलो आणि ओरडलो, "आपा, दुसरा टाका! दुसरा गिअर! इंजिन केवढं ओरडतंय!"

आपानं मान किंचितही न वळवता, हसत, माझ्याहून मोठ्यानं ओरडून सांगितलं, "आयकू येत न्हाई डाक्टर! मंग बोला!"

आणि शेळ्या पांगवत ती पुढच्या फेरीला गेली.